अर्थजाल आणि अंबरनाथचा शिलालेख

अंबरनाथच्या शिवालयांतील शके ९८२ (इ. स. १०६०) चा शिलालेख अभ्यासकांस सुपरिचित आहे. त्याचें नवें वाचन देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. इतिहासाचे प्रश्न लोक आतां संगणकास विचारूं लागले आहेत; तेव्हां शिलालेख व ताम्रपट यांवरून आपणांस जें कळतें तें त्या यंत्राच्या स्वाधीन कोणत्या रूपानें करावें, एवढाच प्रश्न आम्हीं येथें घेतला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शास्त्रांत याचें एक जुनें उत्तर 'सिमँटिक नेटवर्क' या नांवानें प्रसिद्ध आहे. रिचन्स यांनीं १९५६ सालीं केंब्रिज येथें यांत्रिक भाषांतराकरितां ही कल्पना मांडली व अमेरिकेंत रॉस क्विलियन यांनीं १९६६ च्या आपल्या प्रबंधांत ती विस्तारिली. आम्ही त्यास अर्थजाल म्हणूं.

व्यक्ति, स्थळ, वस्तु व वर्ग या जाळ्याच्या गांठी. त्यांमधील संबंध हे धागे. प्रत्येक धाग्यास दिशा असते आणि नांव असतें. उत्तर कोंकणच्या शिलाहारांपैकीं 'मुम्मुणि' या गांठीपासून 'छित्तराज' या गांठीकडे 'भ्राता' नांवाचा धागा काढावा, आणि 'छित्तराज' पासून 'वज्जड' कडे 'पिता' नांवाचा. एकाच पित्याचे पुत्र ते भ्राते, हा नियम एकदां सांगितला कीं मुम्मुणि हा वज्जडाचा पुत्र, हें यंत्र आपण होऊन काढतें. दुसरा महत्त्वाचा धागा जातीचा. अंबरनाथचें देवालय भूमिज शैलीचें आहे. भूमिज शिखरावर लहान लहान शिखरांच्या उभ्या ओळी असतात, ही गोष्ट 'भूमिज देवालय' या एकाच गांठीस बांधून ठेवावी. सिन्नरचें गोंदेश्वर असो कीं अंबरनाथ, तो गुण खालीं आपोआप उतरतो. गाभारा मंडपाच्या पातळीस असतो, हाही सामान्य गुण वरच्या गांठीस बांधतां येईल. परंतु अंबरनाथास गाभाऱ्यांत जाण्यास पायऱ्या उतराव्या लागतात, म्हणून तेवढें त्याच्या स्वतःच्या गांठीस लावावें. व्याकरण शिकलेल्यास येथें उत्सर्ग आणि अपवाद आठवल्यावांचून राहणार नाहीं. विशेषाचें बळ अधिक, हा न्याय यंत्रासही तसाच लागू पडतो.

मुम्मुणि हा छित्तराजाचा पुत्र होता, असें कित्येक लोकप्रिय लेखांत आढळतें. हा एक धागा बदलला कीं वज्जड हा मुम्मुणीचा पितामह होतो, नागार्जुन हा मधला भाऊ चुलता ठरतो, आणि कोणीं विचारल्यावांचूनच सगळें कुल एक पिढी सरकतें. पुस्तकांतील चूक त्या पानापुरती असते. जाळ्यांतील चूक अनुमान करीत चालते. पण तेंच जाळें चूक पकडूनही देतें. डॉ. भाऊ दाजी यांनीं या शिलालेखाचा शक ७८२ वाचला होता. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो ९८२ ठरविला. छित्तराजाचा भांडुपचा ताम्रपट शके ९४८ चा आहे. ७८२ हा अंक जाळ्यांत घातला तर धाकटा भाऊ थोरल्याच्या १६६ वर्षें आधीं राज्य करूं लागतो, आणि 'भ्राता' या धाग्याशीं विरोध तत्काळ उघड होतो. दगडावरील अंकाची पारख जाळें करीत नाहीं. कोणता अंक पुन्हा पाहावा, एवढें मात्र तें दाखवितें. म्हणून आमच्या मतें प्रत्येक शकास 'वाचक' हाही धागा असावा, व सोडलेलें वाचन पुसून न टाकतां त्याच्या वाचकाच्या नांवासह तेथेंच राहूं द्यावें.

या विद्येंतील खरी अडचण गांठींत नसून धाग्यांच्या नांवांत आहे. 'छित्तराजाचें देवालय' असें आपण सहज लिहितों. त्यानें आरंभिलेलें, त्याच्या द्रव्यानें झालेलें, कीं त्याच्या नांवें झालेलें? 'चें' या प्रत्ययांत तिन्ही बसतात. पाणिनीनें षष्ठीकडे उरलेले सगळे संबंध सोपविले, आणि वैयाकरणांनीं तिच्या अर्थास कारकांत स्थान दिलें नाहीं, तें उगीच नव्हे. विल्यम वुड्स यांनीं १९७५ सालीं जाळीं विणणाऱ्यांवर असाच आक्षेप घेतला: रेघ ओढली म्हणजे अर्थ सांगितला असें होत नाहीं, ती रेघ व्याख्या करते कीं विधान करते, हें आधीं ठरलें पाहिजे.

क्रिया मध्यें आणि कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान व अधिकरण तिच्याभोंवतीं, ही वैयाकरणांची वाक्यार्थ उलगडण्याची रीति अर्थजालाशीं पुष्कळ जुळते. काशींत विद्या केलेले महाराष्ट्रीय पंडित नागेशभट्ट काळे हे या परंपरेंतील शेवटच्या थोर आचार्यांपैकीं होत. रिक ब्रिग्ज यांनीं १९८५ सालीं 'एआय मॅगझिन' या नियतकालिकांत हें साम्य दाखविलें. ब्रिग्ज हे 'नासा' च्या केंद्राशीं संलग्न संस्थेंत होते. तेवढ्यावरून 'संगणकास संस्कृत हीच सर्वोत्तम भाषा, असें नासा म्हणते' ही वदंता उठली. तो एका संशोधकाचा लेख आहे, आणि त्यांतील साम्य शास्त्रीय विवरणपद्धतीशीं आहे, बोलण्याच्या संस्कृताशीं नव्हे. संस्कृताच्या अभिमान्यांनीं तरी ही वदंता पसरवूं नये.

आमच्या या भागास आणखी एक गोष्ट हवी, ती काळाची. दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणीस 'कल्याण कँप' म्हणत. फाळणीनंतर तेथें सिंधी निर्वासित आले व १९४९ सालीं 'उल्हासनगर' हें नांव पडलें. ही एक गांठ कीं दोन? भूमि तीच, वस्ती निराळी. आम्ही दोन गांठी करून 'त्याच जागीं, नंतर' असा धागा देऊं. अंबरनाथ व बदलापूर हीं १९८३ पासून १९९२ पर्यंत कल्याण महानगरपालिकेंत होतीं. 'अंतर्भूत' या धाग्याच्या दोन्ही टोकांस वर्ष बांधलें नाहीं, तर त्या नऊ वर्षांचें दप्तर शोधणारा भलत्याच कचेरीच्या दारीं जाईल. बदलापूर या नांवाचा संबंध लोक घोडे बदलण्याशीं लावतात. तोही जाळ्यांत यावा. मात्र 'व्युत्पत्ति' या नांवाच्या धाग्यानें नव्हे, 'लोकांत सांगितलें जातें' या नांवाच्या धाग्यानें.