विमान सहलीला निघते तेव्हा

अमरावतीच्या शाळेत असताना एक्स्कर्शन म्हणजे चिखलदरा. डबा, दरीतलं धुकं, परतीच्या बसमध्ये भेंड्या. म्हणून विमान अपघाताच्या अहवालात ‘रनवे एक्स्कर्शन’ हे शब्द पहिल्यांदा वाचले तेव्हा हसूच आलं. धावपट्टी सोडून विमान मातीत घुसलं, तर ते म्हणे एक्स्कर्शनला गेलं! अकोल्याला शिवणीच्या धावपट्टीलगत कृषी विद्यापीठाची जमीन आहे. तिथे ही सहल थेट वावरातच निघायची.

पण खरी गंमत पुढे आहे. विमान ठणठणीत, इंजिन सुरू, ताबा वैमानिकाच्या हातात, आणि तरी ते डोंगरावर आदळलं, तर अहवाल त्याला ‘जमिनीत नियंत्रित उड्डाण’ म्हणतो. ऐकायला किती शिस्तीचं! अर्थ एवढाच, की समोर डोंगर आहे हे आतल्या माणसाला कळलंच नाही.

ही भाषा अशी थंड का? १९५१ साली आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेनं चौकशीचे नियम केले, त्यांना ‘परिशिष्ट १३’ म्हणतात. आपल्याकडचा विमान अपघात चौकशी ब्युरोही त्याच चौकटीत लिहितो. चौकशीचा हेतू एकच: असं पुन्हा होऊ नये. दोष कुणाचा, भरपाई कुणी द्यायची, हे ठरवणं तिचं काम नाही. म्हणून क्रियापदांतून चूक करणारा माणूस गळतो आणि विमान ‘विसावतं’. मला हा कोरडेपणा आवडतो. शिक्षेची भीती नसेल तरच माणूस खरं बोलतो.

व्याख्या तर कायदेपंडितालाही गुंगवतील. अपघाताचं घड्याळ चाक हलल्यावर सुरू होत नाही. उडण्याच्या इराद्यानं पहिला माणूस विमानात चढला की सुरू होतं आणि शेवटचा उतरला की थांबतं. इरादा! जखमी माणूस तिसाव्या दिवसापर्यंत गेला तर मृत्यूच्या खान्यात. त्यानंतर गेला तर घरच्यांसाठी तो गेलाच, आकडेवारीत मात्र नाही. हाड मोडणं ही गंभीर इजा, पण हातापायाची बोटं आणि नाक यांचं साधं मोडणं त्यात धरत नाहीत. नाकावर आयुष्य काढणाऱ्या आपल्या समाजाला हे पटायचं नाही. उतरताना नुसता पंखा वाकला, तर तो व्याख्येनुसार ‘अपघात’ही नव्हे.

हे आता वाचायचं कारण अमरावतीचा बेलोरा विमानतळ. तिथे एअर इंडियाच्या प्रशिक्षण संस्थेतून वर्षाला १८० वैमानिक घडवण्याचा बेत आहे. म्हणजे कपाशीवरून शिकाऊ विमानांच्या घिरट्या. २५ जुलै २०२२ ला इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात एक शिकाऊ सेसना कोसळलं होतं. सुदैवानं वैमानिक तरुणी वाचली.

अहवालात अशा शेतासाठीही एक जागा असते. कलम १.४, ‘इतर नुकसान’. म्हणजे विमानाखेरीज जे मोडलं ते. पुष्कळदा तिथे एकच शब्द भेटतो, तलाठ्याच्या भाषेत ‘निरंक’. विमानाखाली चिरडलेली चार ओळी कपाशी त्यात लिहिता येईल. विमान पाहायला लोटलेल्या गावानं तुडवलेली उरलेली दीड एकर कोणत्या कलमात लिहायची, हे परिशिष्टात कुठं नाही.