क्रमांक १६०ए : रंगाचा उगम कोठे?

आइस्क्रीम, चीज, फळांच्या रसाची पेये अशा अनेक पदार्थांच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत '१६०ए' हा क्रमांक आढळतो. बीटा-कॅरोटीन या पिवळ्या-नारिंगी रंगद्रव्याचा हा आंतरराष्ट्रीय क्रमांक. १८३१ साली वाकेनरोडर या जर्मन शास्त्रज्ञाने ते गाजरातून वेगळे केले आणि गाजराच्या लॅटिन नावावरूनच त्याचे नाव पडले. शरीर त्यापासून 'अ' जीवनसत्त्व तयार करते, म्हणून ते नुसता रंग नव्हे, पोषकही आहे. गाजर कंदमूळ, जैन स्वयंपाकघरात त्याला स्थान नाही. त्यामुळे हा रंग नेमका कशातून आला, हा प्रश्न श्रावक-श्राविकांना क्षुल्लक वाटणार नाही.

या एका क्रमांकाच्या पोटात चार उगम आहेत : रासायनिक कारखाना, गाजर व पामतेलासारख्या वनस्पती, ब्लेकस्लीआ ही बुरशी, आणि ड्युनालिएला सॅलिना हे सूक्ष्म शैवाल. वेष्टनावर उपक्रमांक छापलेला असतोच असे नाही, आणि शाकाहाराचे हिरवे चिन्ह कंदमुळाचा विचार करत नाही.

यांपैकी शैवालाची हकिकत विलक्षण आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थच्या उत्तरेस सुमारे ५०० किलोमीटरवर हट लगून नावाचे गुलाबी सरोवर आहे. त्याच्या काठी शेकडो हेक्टरांवर उथळ तळी बांधून हे एकपेशीय शैवाल वाढवले जाते. समुद्राच्या पाण्यात सुमारे साडेतीन टक्के मीठ असते. या तळ्यांत ते वीस टक्क्यांहून अधिक. इतक्या खारात इतर बहुतेक जीव तगत नाहीत. ड्युनालिएला मात्र पेशीत ग्लिसरॉल साठवून बाहेरच्या मिठाचा तोल सांभाळते आणि प्रखर उन्हापासून स्वतःचे हरितद्रव्य वाचवण्यासाठी बीटा-कॅरोटीनचे जणू छत्र धरते. अन्नद्रव्ये तुटपुंजी असतील तर हा संचय वाढतो आणि कोरड्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत जातो. आपल्या सांभर सरोवराच्या मिठागरांतही हे शैवाल आढळते. (२०२० साली लोणारचे पाणी गुलाबी झाले, ते मात्र खारप्रिय हॅलोआर्किया सूक्ष्मजीवांमुळे, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला आढळले.)

मीठ कमी ठेवले तर शैवाल भराभर वाढते, पण ते खाणारे आदिजीव आणि आर्टेमिया हे छोटे कवचधारी प्राणीही तळ्यात शिरतात. मीठ वाढवले तर शैवालाची वाढ मंदावते, पण त्रसजीव दूर राहतात आणि रंग गडद होतो. उत्पादक दुसरा मार्ग पत्करतो तो दयेपोटी नव्हे, हे उघड आहे. तरी वाचकाने त्याची नोंद घ्यावी.

आता हिशेब. लिटरभर पाण्यात एक ग्रॅम शैवाल असले आणि त्यात दहा टक्के कॅरोटीन धरले, तरी एक किलो कॅरोटीनसाठी दहा हजार लिटर पाणी उपसावे लागेल. अशा उघड्या तळ्यांत प्रत्यक्ष दाटी याहून पुष्कळच कमी असते. शिवाय या शैवालाला टणक पेशीभित्तिका नसल्याने पेशी सहज फुटतात. ती पाण्यातून अलगद वेगळी करणे हेच खर्चाचे मोठे कलम ठरते. इस्रायलमधील एलातच्या प्रकल्पात वल्ह्यांच्या चाकांनी पाणी ढवळत ठेवतात व सेंट्रिफ्यूज यंत्राने शैवाल वेगळे करतात; ऑस्ट्रेलियातील विस्तीर्ण तळी वाऱ्यावरच सोपवलेली असतात. एवढे करूनही कारखान्यातील कृत्रिम कॅरोटीन स्वस्त पडते आणि जगातील बहुतांश माल तोच असतो. शैवालाचा व्यवसाय 'नैसर्गिक' या शब्दाला मिळणाऱ्या अधिक किमतीवर तरून आहे.

'नैसर्गिक' म्हणजे आपल्याला ग्राह्य, असे मात्र नाही. प्रज्ञापनासूत्रात शेवाळाची गणना साधारण वनस्पतिकायात, म्हणजे अनंतकायात केलेली आहे. इरियावहियं सूत्रात ज्या जीवांच्या विराधनेबद्दल क्षमा मागितली जाते त्यांत 'पणग' येतो, आणि पावसाळ्यात अंगणातल्या हिरव्या थरावर पाय न ठेवण्याचा दंडक घराघरांत पाळला जातो. गाजर टाळून शैवालाची गोळी घेणाऱ्याने एक अनंतकाय सोडून दुसरा घेतला, असे होऊ शकते. खाऱ्या तळ्यातील या एकपेशीय जीवाला तोच न्याय लावायचा का, हे गुरुभगवंतांनाच विचारावे.

आणखी दोन गोष्टी. बीटा-कॅरोटीनची भुकटी टिकवण्यासाठी कित्येकदा माशांपासून केलेले जिलेटीन वापरतात. कॅप्सूलचे मऊ कवचही बहुधा जिलेटीनचेच असते. तेव्हा 'शैवालापासून' एवढे वाचून थांबू नये. उपक्रमांक आणि जिलेटीन, दोन्हींविषयी उत्पादकाकडे लेखी विचारणा करावी. दुसरी गोष्ट आरोग्याची. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. रोज २० मिलिग्रॅम कृत्रिम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक निघाले. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याविना अशी गोळी देऊ नये.

जेवणातून मिळणाऱ्या कॅरोटीनला ही भीती नाही. माठ, राजगिरा, मेथी यांत ते भरपूर असते. आर्द्रा नक्षत्र लागेपर्यंत पिकलेला आंबा आहे, आणि चातुर्मासात पालेभाजी सोडणाऱ्या घरांतही लाल भोपळ्याची भाजी होतेच.