मे महिन्यातला गिलावा आणि गणपतीआधीचा रंग

मे महिन्यात तुम्ही मुंबईहून पूर्णगडला घरी आलात, नेमका गवंडी मिळाला आणि बाहेरच्या भिंतींना नवा गिलावा झाला. छपरातून वर काढलेल्या चिऱ्याच्या धुराड्यालाही झाला. आता पाऊस तोंडावर आहे आणि पुढे गणपतीला घर भरणार. मग जूनच्या पहिल्या आठवड्यात रंग उरकून घ्यायचा का?

नको. तो खर्च बहुतेक वेळा वाया जातो. दिवाळीपर्यंत पोपडे सुटतात आणि दोष रंगाच्या डब्याला लागतो.

कारण ओल्या गिलाव्यातच आहे. सिमेंटमध्ये पाणी मिसळलं की त्यातून चुना सुटतो, त्यामुळे नव्या गिलाव्याचा सामू १२ ते १३ असतो. इतक्या तीव्र अल्कलीत तेलाच्या रंगाचा अक्षरशः साबण होतो आणि तो चिकट होऊन सुटतो. अॅक्रिलिक इमल्शन तुलनेनं टिकतं, पण त्याचाही रंग जागोजागी फिका पडतो. दुसरी गोष्ट पाण्याची. जांभा सच्छिद्र दगड आहे. गिलाव्याआधी भिंत भिजवतात, नंतर किमान सात दिवस पाणी मारतात, आणि ते सगळं चिरा पितो. वरून इमल्शनचा थर चढला की आतल्या ओलीची वाट अडते. पश्चिमेचं ऊन भिंतीवर आलं की ती ओल बाहेर यायला बघते आणि रंगाला फुगे येतात. पाण्याबरोबर क्षारही येतात. पाणी उडून गेलं की त्यांचे स्फटिक मागे राहतात आणि रंगाला आतून ढकलतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो.

मुचकुंदीच्या मुखावरचा पूर्णगडचा किल्ला जांभ्याचाच आहे. त्याचा तट दर पावसात भिजतो आणि दर उन्हाळ्यात वाळतो. तिथे पोपडे सुटायचा प्रश्नच नाही, कारण वर रंगाचा थरच नाही.

नेहमीचा नियम असा की गिलावा झाल्यावर २८ दिवस थांबावं. पण समुद्राकाठच्या दमट हवेत, त्यातही मे महिन्यात, २८ दिवस हे कमीत कमी समजा. दिवस मोजण्यापेक्षा भिंतीलाच विचारलेलं बरं. हातभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीनं भिंतीला घट्ट लावा आणि दुसऱ्या दिवशी काढा. आतून थेंब दिसले किंवा खालचा गिलावा काळपट पडला, तर भिंत अजून ओली आहे. चुन्यासाठी हळद पुरते. गिलावा थोडा ओला करून त्यावर हळदीचं पाणी लावा. ते कुंकवासारखं गडद तांबडं झालं, तर चुना अजून जोरात आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड पृष्ठभागावरचा हा चुना हळूहळू शमवतो, पण त्याला वेळ लागतो.

म्हणून मे महिन्यातला गिलावा एक पावसाळा उघडा राहू द्या. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो नीट केलेल्या गिलाव्याचं काही बिघडवत नाही, उलट वरचे क्षार धुतो आणि कुठे भेगा आहेत, कुठे पाणी झिरपतं हे फुकटात दाखवतो. गणपतीला घर उजळ दिसायलाच हवं असेल, तर पावसाआधी चुन्याची सफेदी करा. तिच्यातून भिंत श्वास घेते. झडीच्या बाजूची सफेदी धुऊन गेली तरी फार नुकसान नाही.

वाळूबद्दल एक सांगायलाच हवं. वाळू खारी असेल तर कितीही थांबलात तरी लोणा येत राहतो, कारण मीठ हवेतली ओल ओढून घेतं. ओंजळभर वाळू ग्लासभर गोड्या पाण्यात ढवळून ते पाणी जिभेला लावा. खारट लागलं तर ती वाळू परत पाठवा.

धुराड्याला मात्र भिंतीचे नियम पुरत नाहीत. त्याला चारही बाजूंनी झड लागते, वरून पाऊस पडतो आणि चूल पेटली की आतून ते तापतं. लाकडाच्या धुरात वाफ आणि डांबरासारखा चिकट अंश असतो. तो चिऱ्यातून झिरपून बाहेर तपकिरी डाग पाडतो, आणि हे डाग इमल्शनच्या दोन हातांमधूनही वर येतात. त्यामुळे आधी आतली नळी धडधाकट आहे ना ते बघा. माथ्यावर बाहेर दोन-तीन इंच निघणारी काँक्रीटची टोपी हवी. तिच्या खालच्या बाजूला, कडेजवळ खाच पाडली की पाणी मागे न वळता तिथूनच गळून पडतं. धुराडं आणि छप्पर यांच्या सांध्यात नुसता सिमेंटचा लेप टिकत नाही, कारण दोन्ही वेगवेगळं हलतात. तिथे पत्र्याची पट्टी वाकवून चिऱ्याच्या सांध्यात खोचावी लागते. एवढं झाल्यावरही धुराड्याला मी इमल्शनपेक्षा चुनाच सुचवेन.

भिंतींचा रंग दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की काढा. शेवाळ ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं घासा, मग सगळी भिंत गोड्या पाण्यानं धुवा, म्हणजे समुद्रावरून आलेलं मीठही जाईल. केसासारख्या बारीक भेगा थोड्या रुंद करून बाहेरच्या कामाच्या पुट्टीनं भरा. भिंत पुन्हा वाळली की प्लॅस्टिकचा तुकडा परत लावून बघा. मग अल्कली सहन करणाऱ्या प्रायमरचा एक हात आणि इमल्शनचे दोन हात द्या. सिमेंटच्या भुकटीचा रंग वापरणार असाल तर पद्धत उलटी आहे. त्याला भिंत ओलसर लागते आणि रंग दिल्यावरही पाणी मारावं लागतं. रंगाऱ्याला हे आधीच विचारून घ्या.