काळ्या-पांढऱ्यातलं 'कुंकू'

प्रभात फिल्म कंपनीचा 'कुंकू' १९३७ साली आला, तेव्हा पडद्यावर लाल रंग नव्हताच. शांता आपटे यांनी साकारलेल्या नीराच्या कपाळावर दिसतो तो करडा ठिपका. तरीही चित्रपट बघताना त्याचा रंग आपण एकदाही विचारत नाही; तो लालच असतो. जुन्या कृष्णधवल चित्रपटांची ओढ अजून का टिकली आहे, याचं निम्मं उत्तर मला त्या ठिपक्यात सापडतं. प्रेक्षकाच्या मनाला तिथे काम उरलेलं असतं.

रंगाची ओळख नव्हती म्हणून आपल्या मंडळींनी काळे-पांढरे चित्रपट काढले, असा समज आहे. प्रभातपुरता तरी तो खरा नाही. १९३३ सालच्या 'सैरंध्री'साठी दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी थेट जर्मनी गाठली आणि रंगीत प्रती तिथे छापून घेतल्या. रंग मनासारखे उतरले नाहीत. प्रभात पुन्हा कृष्णधवलकडे वळली आणि 'अमृतमंथन'पासून 'शेजारी'पर्यंत, म्हणजे १९३४ ते १९४१ या काळात, तिने आपलं सर्वोत्तम काम केलं.

या कामाचं मूळ कोल्हापुरात आहे. प्रभातचे दामले आणि फत्तेलाल हे बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. बाबूराव स्वतः चित्रकार, नाटकाचे पडदे रंगवणारे, कॅमेराही स्वतःच्या हाताने घडवणारे. कृष्णधवल फिल्मवर लाल लुगडं आणि हिरवी भिंत एकाच करड्या छटेत मिसळून जाऊ शकतात. त्यामुळे सेटचा, कपड्यांचा रंग डोळ्याला कसा दिसतो यापेक्षा फिल्मवर कसा उतरेल, हे आधी ताडावं लागे. बाकीचं उजेडाने सांभाळायचं. छायाप्रकाशाची ही जाण चित्रकाराच्या हातात असतेच. फत्तेलालांचे सेट बघताना ती जागोजागी जाणवते.

'अमृतमंथन'च्या हिंदी आवृत्तीत राजगुरू झालेल्या चंद्रमोहन यांचा एक डोळा पडदाभर दिसतो. टेलिफोटो लेन्सने टिपलेला. पांढऱ्या बुबुळात काळी बाहुली, बस्स. राजगुरूची सगळी दहशत त्या एका डोळ्यात मावते. इथे रंग असता तर आपण डोळ्याचा रंग बघत बसलो असतो, असं मला नेहमी वाटतं.

'कुंकू'मध्ये शांतारामांनी आणखी एक आधार काढून घेतला. पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. ऐकू येतात ते घरातले, रस्त्यावरचे आवाज. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेल्या नीराचा कोंडमारा त्या घराच्या शांततेतूनच अंगावर येतो. केशवराव दाते यांनी तो नवरा असा उभा केलाय की त्याचा रागही येतो आणि कीवही.

'संत तुकाराम' (१९३६) पुढच्या वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरवला गेला. विष्णुपंत पागनीस यांचे तुकोबा तल्लीन करतात हे खरंच, पण मी बघतो ती गौरी यांची जिजाई. आजारी पोरासाठी चिडून वहाण घेऊन विठोबाच्या देवळात शिरणारी ही बाई रंगवलेली वाटतच नाही. गरिबीला इथे कुठलाही गोड रंग चढत नाही.

आणि १९५५ साली 'झनक झनक पायल बाजे' रंगांत न्हाऊन काढल्यावर त्याच शांतारामांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' कृष्णधवल केला. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावर बेतलेली ती कथा. सहा खुनी कैदी, ओसाड माळ, आणि जेलरचे डोळे. बर्लिनमध्ये त्याला रौप्य अस्वल मिळालं.

प्रभातच्या या चित्रपटांच्या मूळ फिल्म नायट्रेटच्या, झटकन पेट घेणाऱ्या. २००३ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म आगीत गेल्या, त्यात प्रभातचा मोठा ठेवाही गेला. आज फोनवर दिसणाऱ्या प्रतींत पांढरं भगभगतं आणि काळ्यात सगळं बुडतं. मधल्या करड्या छटा, ज्यांसाठी फत्तेलालांनी जीव ओतला, त्याच नाहीशा होतात. म्हणून आपल्या गावातल्या फिल्म सोसायटीकडे चांगल्या प्रतीचा आग्रह धरावा, आणि 'कुंकू' मोठ्या पडद्यावर, अंधारात बघावा.