जवाचा अंश टिपणारी प्रतिपिंडे

वाड्याचा कोलम, जव्हार-मोखाड्याची नाचणी आणि वरई ही पालघरची धान्ये मुळात ग्लूटेनमुक्त आहेत, म्हणजे गहू-जवातले ग्लूटेन हे प्रथिन त्यांत नसते. पण त्याच गिरणीत आधी गहू किंवा जवाचे सत्तू दळले असेल, तर सिलिअ‍ॅकच्या, म्हणजे ग्लूटेन न सोसणाऱ्या, रुग्णाला ते पीठ बाधू शकते. बोईसर-तारापूरसारख्या, देशभरातून कामगार आलेल्या गावांत हे ध्यानात ठेवायला हवे.

● जवात काय असते? होर्डीन. हे जवाच्या दाण्यातले प्रमुख साठवण-प्रथिन, म्हणजेच जवातले ग्लूटेन. त्याचे बी, सी, डी आणि गॅमा असे गट आहेत.

● ते ओळखायचे कसे? एकाच पेशीच्या वंशातून मिळणाऱ्या, एकाच खुणेला चिकटणाऱ्या मोनोक्लोनल प्रतिपिंडांनी. कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये अशी प्रतिपिंडे बनवण्याचे तंत्र मांडले. १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

● आर-५ : राय धान्याच्या प्रथिनांवरून उंदरांत तयार केलेले प्रतिपिंड. गहू, जव आणि राय या तिन्हींत आढळणारी पाच अमिनो आम्लांची साखळी ते ओळखते.

● एलायझा चाचणी : प्रतिपिंडाचा थर दिलेल्या खाचेत पिठाचा अर्क घालतात, धुतात, मग विकर जोडलेले प्रतिपिंड सोडतात. ग्लूटेन जितके जास्त, तितका विकरामुळे येणारा रंग गडद.

● मर्यादा : ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नाही. मोजणी गव्हाच्या मापावर केली, तर आर-५ जवाचा अंश वाढवून दाखवते. बिअरमध्ये प्रथिनांचे तुकडे झालेले असतात, म्हणून तिथे वेगळी, स्पर्धात्मक एलायझा लागते.

● घरी काय करावे? रुग्णाचे दळण वेगळ्या घरघंटीवर दळावे.