आठवडा एक, शर्यती दोन

जानेवारीचा तिसरा रविवार उलटतो, मुंबई मॅरेथॉनचे पदक खुंटीवर चढते आणि मुंबई-पुण्यातील काही घरांत लगेच दुसऱ्या शर्यतीची भाषा सुरू होते. ही शर्यत म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्स. पहिल्या महायुद्धात धारातीर्थी पडलेल्या सहकाऱ्यांच्या स्मरणार्थ व्हिक क्लॅपहॅम या सैनिकाने १९२१ मध्ये ती सुरू केली. तिच्या नावात मॅरेथॉन असली, तरी दरबान आणि पीटरमारित्झबर्ग या शहरांमधील तिचे अंतर ९० किलोमीटरच्या जवळपास, म्हणजे मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरच्या दुपटीहून अधिक आहे. धावण्याची दिशा सहसा दरवर्षी उलटते. कधी समुद्राकडून डोंगराकडे, तर कधी डोंगराकडून समुद्राकडे. बारा तासांची मुदत संपताच अंतिम रेषा बंद होते आणि त्यानंतर क्षणभराने पोहोचलेल्याच्याही हाती पदक पडत नाही. परदेशातून तेथे जाणाऱ्यांत भारतीयांची संख्या अलीकडे लक्षणीय झाली आहे.

या शर्यतीत उतरण्यासाठी आधी एखादी मॅरेथॉन ठरावीक वेळेत पूर्ण करून दाखवावी लागते. मॅरेथॉनमधील वेळ जितकी चांगली, तितकी कॉम्रेड्सच्या आरंभरेषेवरील गर्दीत पुढची जागा. त्यामुळे वेग सोडून चालत नाही आणि केवळ वेगावर नव्वद किलोमीटर निभत नाहीत. नोकरी-संसार सांभाळून धावणाऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो तो आठवड्याचा. दिवस सातच असतात आणि त्यांतले दोन तरी पायांना विश्रांतीसाठी द्यावे लागतात.

या दोन शर्यती शरीराकडून वेगवेगळ्या गोष्टी मागतात. धावताना साधारणपणे दर किलोमीटरला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे एक किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे ६५ किलो वजनाच्या व्यक्तीला मॅरेथॉनसाठी सुमारे २,७०० आणि कॉम्रेड्ससाठी ५,८०० किलोकॅलरी लागतील. स्नायू आणि यकृत यांत साठलेल्या ग्लायकोजेनमधून मिळणारी ऊर्जा मात्र ढोबळमानाने २,००० किलोकॅलरीच असते. मॅरेथॉनच्या वेगाने धावणारे शरीर प्रामुख्याने हाच साठा वापरते. म्हणून तिसाव्या किलोमीटरनंतर अनेकांची पावले जड होतात. मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ नेमका याच उत्तरार्धात येतो, आणि एरवी मोटारीतून जाताना न जाणवणारा तो उंचवटा त्या दिवशी घाटासारखा भासतो. वेग कमी ठेवला की चरबीतून मिळणाऱ्या ऊर्जेचा वाटा वाढतो. अल्ट्रामॅरेथॉन या गणितावर चालते. परंतु तेथे अडचण केवळ इंधनाची नसते. सात-आठ तासांनंतर मांड्यांचे स्नायू सोलून निघाल्यासारखे होतात, पोट अन्न नाकारू लागते, तळव्यांना फोड येतात आणि थोडे चालावे की थांबावे, याचा निर्णय घेणेही कठीण होऊन बसते.

मॅरेथॉनच्या तयारीचा कणा म्हणजे आठवड्यातील एक वेगवान सराव आणि एक लांब धाव. वेगवान सराव कधी एक-एक किलोमीटरच्या तुकड्यांचा असतो, तर कधी बोलणे कठीण व्हावे अशा सलग वेगात पाऊण तासाचा. अल्ट्राच्या तयारीत त्याऐवजी लागोपाठच्या दोन दिवशीच्या लांब धावांना महत्त्व येते. शनिवारी ३० किलोमीटर धावायचे आणि रविवारी त्याच थकलेल्या पायांनी आणखी २० किलोमीटर. ग्लायकोजेनचा साठा पूर्ववत भरायला २४ तासांहून अधिक काळ लागू शकतो. त्यामुळे रविवारची धाव शर्यतीच्या उत्तरार्धाची बऱ्यापैकी नक्कल ठरते, आणि एकाच दिवशी ५० किलोमीटर धावून होणारी मोडतोड टळते.

या दोन्ही पद्धती एकाच आठवड्यात कोंबल्या की घोटाळा होतो. शनिवार-रविवारी ५० किलोमीटर झालेले असतात, सोमवारी विश्रांती घेतली जाते आणि मंगळवारी पहाटे वेगवान सराव ठरलेला असतो. स्नायूंची दुखरी अवस्था श्रमानंतर एक ते तीन दिवसांत कळसाला पोहोचते. म्हणजे मंगळवार त्या दुखण्याच्या ऐन भरात येतो. धावपटू घड्याळाकडे पाहत तुकडे पूर्ण करतो, वेग मनासारखा येत नाही, म्हणून गुरुवारी अधिक जोर लावतो, आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यात नडगीच्या हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशी वेदना सुरू होते. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत वाढीव श्रमाला सरावतात; हाडे आणि स्नायुबंध यांना त्यासाठी महिने लागतात. दम लागत नाही म्हणून शरीर तयार झाले, हा समज येथेच फसवतो.

यावरचा उपाय म्हणजे आठवड्यांचीच वाटणी करणे. एका आठवड्यात शनिवार-रविवारची जोडधाव घेतली, तर त्यानंतरच्या मंगळवारी फक्त हलकी धाव ठेवावी आणि वेगाचा सराव गुरुवारवर ढकलावा किंवा सरळ वगळावा. दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी वेग आणि रविवारी एकच लांब धाव. तिसरा किंवा चौथा आठवडा एकूण अंतर एक-तृतीयांशाने कमी करून घालवावा. कोणत्याही आठवड्यात कठीण दिवस तीनच्या वर जाऊ देऊ नयेत, आणि जोडधावेचे दोन दिवस मोजताना ते दोनच मोजावेत. उरलेल्या दिवशीच्या धावा खरोखरच संथ हव्यात. शेजारच्या धावपटूशी सहज गप्पा मारता येतील इतक्या. हौशी धावपटूंचे सर्वांत मोठे व्यसन हेच, की हलका दिवस त्यांना हलका ठेवता येत नाही.

न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्या पद्धतीत आधी आठवड्याला १०० मैलांचा पाया, मग चढ आणि शेवटी वेग असा क्रम होता. त्यांचे शिष्य पीटर स्नेल १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले, पण रविवारी तेही २२ मैलांच्या डोंगराळ वाटेवर धावत. मुंबईहून कॉम्रेड्सकडे जाणाऱ्याचे पंचांग नेमके उलटे असते. त्याचा वेग जानेवारीत कळसाला पोहोचतो आणि अंतर त्यानंतर वाढते. ही उलटापालट घातक नाही, मात्र फेब्रुवारीत मिळवलेला वेग टिकवण्यापुरताच सराव करायचा, तो वाढवण्याचा मोह धरायचा नाही, हे पथ्य पाळावे लागते. पंधरा दिवसांतून एकदा मॅरेथॉनच्या वेगाने १२ ते १५ किलोमीटर धावणे एवढ्यासाठी पुरेसे ठरते.

वेग आणि अंतर एकाच शरीरात नांदू शकतात, याचे दाखले कॉम्रेड्सच्याच इतिहासात आहेत. न्यूयॉर्क मॅरेथॉन १९८० पासून सलग तीनदा जिंकणारे अल्बर्टो सालाझार १९९४ मध्ये कॉम्रेड्सचे विजेते ठरले. दक्षिण आफ्रिकेच्या गेर्डा स्टाइन यांनी जून २०२४ मध्ये कॉम्रेड्स जिंकली आणि दोन महिन्यांनी त्या पॅरिस ऑलिम्पिकच्या मॅरेथॉनमध्ये धावल्या. अर्थात त्यांना सकाळी आठ सतराची लोकल पकडायची नसते.

चढ-उतारांचा विचार वेगळा करावा लागतो. कॉम्रेड्सच्या मार्गावर काउइज हिल, फील्ड्स हिल, बोथाज हिल, इंचांगा आणि पॉली शॉर्ट्स अशा पाच मोठ्या टेकड्या आहेत. चढावर दम निघतो, पण पायांची खरी हानी उतारावर होते. कारण उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच त्याला शरीराचा भार पेलावा लागतो. आधी उतरण्याचा सराव झाला असेल, तर हीच हानी पुढच्या वेळी बरीच कमी होते आणि हे संरक्षण काही आठवडे टिकते. म्हणून साताऱ्याचा यवतेश्वर घाट किंवा सिंहगडाचा रस्ता येथे कामी येतो. तो चढून वरून गाडीने परतणारे धावपटू अर्धाच सराव करतात. घाटातील लांब धाव महिन्यातून एक-दोनदाच घ्यावी, आणि तो आठवडा वेगाच्या सरावातून पूर्णपणे मोकळा ठेवावा.

महाराष्ट्रात ही सारी तयारी मार्च ते मे या काळात येते. पहाटे चारला निघूनही साडेसातपर्यंत उकाडा असह्य होतो. त्या दिवसांत घड्याळातील वेग पाहून हताश होण्यापेक्षा श्रमांवर लक्ष ठेवणे शहाणपणाचे. धावेपूर्वी आणि नंतर वजन करून पाहिले की ताशी किती घाम जातो, ते समजते. वजनात किंचित घट होणे स्वाभाविक आहे. परंतु वजन वाढले असेल, तर पाणी गरजेपेक्षा जास्त प्यायले गेले. अतिपाण्यामुळे रक्तातील सोडियमचे प्रमाण घसरून जिवावर बेतू शकते. खाण्याचाही सराव लांब धावांमध्येच करावा. ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पचवायला आतडे सवयीने शिकते. खजूर, उकडलेला बटाटा आणि मीठ, केळे, चिक्की. जे शर्यतीत खायचे, ते एप्रिलमध्येच खाऊन पाहावे. दुखणे दाबण्यासाठी आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊन धावण्याची प्रथा मात्र धोकादायक आहे. शरीरातील पाणी कमी झालेले असताना त्या मूत्रपिंडांवर अतिरिक्त ताण आणतात.

शनिवार आणि रविवार अशा दोन्ही पहाटा धावण्यात गेल्या, तर उरलेला दिवस पेंगण्यात जातो आणि त्याची किंमत घरच्यांनाही मोजावी लागते. अनेकांनी यावर शुक्रवारी संध्याकाळी व शनिवारी पहाटे धावण्याची तोड काढली आहे. मधली विश्रांती दहा-बारा तासांचीच असल्याने पाय थकलेले राहतात आणि रविवार सुटतो. मात्र त्या रात्री झोप पाच तासांच्या खाली गेली, तर सकाळची धाव कमी करावी. सकाळची नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त भरली, भूक मेली किंवा एकाच जागी दुखू लागले, तर तो दिवस सोडून द्यावा.

सर्वांत लांब धाव, साधारण ५५ ते ६० किलोमीटरची, शर्यतीच्या पाच-सहा आठवडे आधी उरकावी. शेवटच्या तीन आठवड्यांत अंतर कमी करत न्यावे. या काळात पाय शिवशिवतात आणि अनेकजण घाबरून आणखी एक लांब धाव काढतात. तिचा जूनमध्ये काहीही उपयोग होत नाही. झीज भरून यायला तेवढा वेळच उरलेला नसतो. कॉम्रेड्सनंतर महिनाभर वेगाचा सराव पूर्ण बंद ठेवावा. ऑगस्टमध्ये मंगळवारचा सराव पुन्हा सुरू केला, तरी जानेवारीच्या मॅरेथॉनसाठी पाच महिने हाताशी राहतात.