पानामागचा लाल कोळी

फेब्रुवारी सरता सरता कोकणातली दुपार कोरडी होऊ लागते आणि पडवीतल्या कुंड्यांची रया जाते. गुलाबाच्या पानांवर सुईने टोचल्यासारखे पांढुरके ठिपके, जास्वंद फिकट, ऑर्किडच्या पानाची खालची बाजू रुपेरी. घरात सगळे म्हणतात, पाणी कमी पडतंय. मग पाणी वाढते आणि ऑर्किडची मुळे कुजतात ती निराळीच.

आधी पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका. पडलेले ठिपके चालू लागले तर तो लाल कोळी. हा प्रयोग मी वर्गात करून दाखवते. मुले भिंगातून आठ पाय मोजतात. (नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाला मात्र सहाच असतात, त्यावरून भांडणही होते.)

सगळे अडते ते या आठ पायांवर. हा कीटक नव्हे, कोळ्याच्या कुळातला जीव आहे. दुकानात जाऊन ‘किडीचं औषध द्या’ म्हटले की कीटकनाशक मिळते. त्यातल्या बऱ्याच औषधांनी कोळी मरत नाही. त्याला खाणारे ढालकिडे मात्र मरतात आणि कोळी पूर्वीपेक्षा वाढतो. शिवाय हे विष आपण फवारतो कुठे, तर मुले खेळतात त्याच पडवीत!

1998 च्या सुमारास केरळात दिसलेला आणि पुढे आपल्याकडेही आलेला नारळाचा कोळी बागायतदारांना ठाऊक आहे. तो फळाच्या टोपीखाली दडतो, तिथे पाणी पोचत नाही. आपला कुंडीतला कोळी पानाच्या मागे उघड्यावर बसतो, म्हणून तो धुता येतो. सकाळी पाइपाने किंवा पिचकारीने पानांची खालची बाजू जोराने धुवा. ऑर्किडच्या शेंड्यात पाणी साचू देऊ नका. चार दिवसांनी संध्याकाळी, लिटरभर कोमट पाण्यात 5 मिली नीमतेल आणि थोडा पातळ साबण घुसळून फवारा. आधी एका पानावर मारून दोन दिवस थांबा, फुलांवर नको.

इथे बहुतेकजणी कंटाळतात. अंडी बहुधा वाचतात, उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत फुटतात आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी तयार होते. म्हणून दर चार-पाच दिवसांनी, निदान तीनदा फवारणी हवी. एकदाच फवारून ‘गुण आला नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. पाण्यात विरघळणारे गंधकही चालते, लिटरला 2 ग्रॅम. पण कडक उन्हात पाने करपतात आणि तेलानंतर तीन आठवडे तरी ते मारू नये.

रोपवाटिकेतून आणलेले नवे रोप दोन आठवडे वेगळे ठेवा. पावसाळ्यात अंगणातल्या झाडांवरचा कोळी आपोआप धुऊन जातो. पण शुक नदीचे पाणी खारेपाटणच्या बाजारपेठेत शिरते त्या पावसातही पत्र्याखालच्या कुंडीवर थेंब पडत नाही. तिथले पान जुलैतही उलटून पाहावे.